किती टनांचा गारवा?

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचला की दुपारी रस्ते ओस पडतात आणि घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते. अशाच एका घरातील मुलाला ठाण्यात नोकरी लागते. पुढे तो आईवडिलांना आपल्याकडे आणतो. सामानाबरोबर घरचा जुना लोखंडी कूलरही येतो. मे महिन्यात तो सुरू होतो आणि तासाभरातच आईचा जीव कोंडू लागतो. अंथरूण ओलसर, अंग चिकट. वडील म्हणतात, “प्रवासात कूलर बिघडला वाटतं.” कूलर मुळीच बिघडलेला नसतो. बदललेली असते ती हवा.

घर गार ठेवण्याचे साधन कोणते घ्यावे आणि ते किती मोठे असावे, हा प्रश्न आता सामान्य कुटुंबांपुढेही उभा राहतो. त्यात बरीच बचत खर्ची पडते आणि चूक झाली तर ती दर महिन्याच्या वीजबिलात दिसत राहते. प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा विचार केला आहे.

कोरडी हवा आणि दमट हवा

माठातले पाणी गार का होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जाते. कूलरचे तत्त्व हेच. पंखा बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत खेचतो; पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन अधिक. बाहेर ४४ अंश तापमान असेल व हवेतील आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगला कूलर २८ अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो. किनाऱ्यावर मात्र तापमान ३४ अंश असले, तरी आर्द्रता ६५ टक्क्यांच्या घरात असते. तेथे कूलर फार तर चार-पाच अंशांचा फरक पाडतो आणि आधीच दमट असलेल्या हवेत आणखी ओलावा भरतो. शिवाय नागपूरच्या घरात कूलरसमोरची एक खिडकी नेहमी उघडी असे. आत आलेली हवा बाहेर जायला वाट नसेल, तर विदर्भातही कूलर निरुपयोगी ठरतो.

तेव्हा ठाण्यात वातानुकूलन यंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसी, घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

‘टन’ म्हणजे काय?

दुकानात पहिला प्रश्न येतो, “किती टनांचा हवा?” हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. यंत्रे येण्यापूर्वी गारव्यासाठी नैसर्गिक बर्फ विकला जाई. १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टनहून बर्फ भरलेले जहाज सुमारे चार महिन्यांचा प्रवास करून कोलकात्याला पोहोचले होते! पुढे यंत्रे आली तेव्हा त्यांची शक्ती बर्फाच्याच भाषेत मोजली गेली. २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे. आजच्या मापात ही शक्ती सुमारे ३.५ किलोवॅट होते.

म्हणून दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॅट वीज खातो, असे समजू नये. तो उष्णता निर्माण करीत नाही, ती फक्त आतून बाहेर नेतो. त्यामुळे तितक्या कामाला त्याला साधारण दीड किलोवॅट वीज पुरते.

मोठे ते चांगले?

“काका, दोन टनांचाच घ्या. एकदाच काय तो खर्च!” दुकानदाराचा हा सल्ला वडिलांना पटतो. पाहुणे आले तर भाकरी चार जास्तच थापाव्यात, ही आपली रीत. येथे मात्र ती नडते.

विलिस कॅरिअर या अभियंत्याने १९०२ मध्ये आपले यंत्र आखले, ते माणसांसाठी नव्हे, तर न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगे आणि रंग जागच्या जागी बसत नसत. हवेतील ओलावा काढणे हे एसीचे तेव्हापासूनचे काम आहे. आतल्या थंड नळ्यांवर दव साचते आणि ते पाणी नळीवाटे बाहेर ठिबकते. पण हे काम सावकाश होते. खोलीच्या मानाने यंत्र फार मोठे असेल, तर तापमान झटपट उतरते, कॉम्प्रेसर बंद पडतो आणि ओलावा तसाच राहतो. खोली थंड, पण कोंदट. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. इन्व्हर्टर एसी आपला वेग कमी करू शकत असल्याने त्यात हा दोष कमी जाणवतो. तरी वेग उतरण्यालाही मर्यादा असतेच. याउलट यंत्र लहान पडले, तर ते दिवसभर अखंड चालते आणि खोली गार होतच नाही.

खोलीचे माप

बाजारातील ढोबळ हिशोब असा : १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, साधारण १८० पर्यंत दीड टन. मात्र हा हिशोब फरशी मोजतो, उन्हाला मोजत नाही. आईवडिलांची खोली १० फूट गुणिले १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. पण ती सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडतो. भिंत पश्चिमेची, खिडकी मोठी. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता देतो. पण दोन माणसांची ती उष्णता स्लॅबपुढे किरकोळच. अशा खोलीला एक टन अपुरा पडेल, दीड टन पुरेल. दोन टनांची गरज नाही. गच्चीला पांढरा चुना दिला आणि खिडकीला बाहेरून छज्जा किंवा चटई लावली, तर कदाचित एक टनातही भागेल. चुन्याचा खर्च अर्ध्या टनाच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी असतो. दुकानात मात्र त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आकार ठरल्यावर यंत्रावरची ताऱ्यांची चिठ्ठी पाहावी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ही योजना २००६ मध्ये सुरू केली. तारे देण्याचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून चिठ्ठीवरचा कालावधीही वाचावा. जुन्या काळातले पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांएवढे नसतात. २०२० पासून भारतात विकले जाणारे घरगुती एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात. वृद्धांच्या खोलीत पंखा संथ लावून तो आकडा तसाच ठेवला, तरी बहुधा पुरेसा गारवा मिळतो.

नागपूरचा कूलर मुलाने भंगारात दिला नाही. विदर्भात राहणाऱ्या मावशीकडे तो परत गेला आणि तेथे पुन्हा उत्तम चालू लागला.

शब्दार्थ

आर्द्रता – हवेतील पाण्याच्या वाफेचे प्रमाण
बाष्पीभवन – पाण्याची वाफ होण्याची क्रिया
गत्यंतर – दुसरा उपाय
ढोबळ – अंदाजाचा, स्थूल

स्वाध्याय

१. ठाण्यात कूलर का चालला नाही, ते माठाच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
२. तळमजल्यावरील, झाडाच्या सावलीतील १० फूट गुणिले १२ फूट खोलीसाठी किती टनांचे यंत्र निवडाल? कारण लिहा.
३. तुम्ही राहता त्या गावाची मे महिन्यातील हवा कोरडी असते की दमट? त्यानुसार तेथे कोणते साधन योग्य ठरेल, ते पाच-सहा ओळींत लिहा.