मोतीला पेंढा भरावा काय?

शास्त्रपाठ : यहोशवा ४:१-७, २ राजे १८:१-४, मत्तय १०:२९-३१

पांढुर्ण्याच्या शब्बाथ शाळेत येणाऱ्या एका मुलाचा कुत्रा मेला. मोती अकरा वर्षांचा होता, म्हणजे मुलापेक्षाही दोन वर्षांनी मोठा. घरच्यांनी त्याला बर्फात ठेवले होते, कारण नागपूरच्या मामांनी कळविले होते की, कातडे राखून त्यात भराव घालतात व कुत्रा जिवंत असल्यासारखा उभा करतात. वडिलांनी आम्हांला विचारले, "यात पाप आहे काय?" मुलाने विचारले, "मग मोती पुन्हा दारात बसेल ना?"

आम्ही उत्तर दिले, "कुत्र्यासाठी एवढे कशाला?" मुलगा उठून आत गेला. ते उत्तर चुकीचे होते. त्या रात्री आम्ही शास्त्र उघडून बसलो, त्यातून हा पाठ तयार झाला.

१. प्रेमाला हसू नये

देवाने नोहाशी जो करार केला, त्यात तारवातून निघालेले पशुपक्षीही होते (उत्पत्ती ९:९-१०). नाथान संदेष्ट्याने दाविदापुढे दृष्टांत मांडला, त्यातील गरीब माणसाची मेंढी त्याच्या उराशी निजत असे. ते ऐकून राजाचा राग भडकला (२ शमुवेल १२:१-६). त्या माणसाच्या प्रेमाला शास्त्र वेडेपणा म्हणत नाही. चिमणी भूमीवर पडते तीही पित्याला ठाऊक असते, असे प्रभू सांगतो. तेव्हा मोतीसाठी रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

२. पेंढा भरल्याने काय उरते?

या विद्येला टॅक्सिडर्मी म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांनी १८६३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या अजब बंगल्यात असे प्राणी पाहिले आहेत. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांच्या प्रयत्नाने २००९ मध्ये वन्य प्राण्यांसाठी असे केंद्र सुरू झाले. मेलेल्या वाघ-बिबट्यांवरून विद्यार्थी शिकतात. ही विद्या उपयोगाची आहे, तिला नावे ठेवू नयेत. पोपट, मोर, हरिण अशा वन्य जीवांना मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. त्यांचे कातडे परवानगीवाचून घरी ठेवता येत नाही. कुत्र्यामांजरांना तो कायदा लागत नाही.

पण काम कसे होते तेही समजून घ्यावे. आधी कातडे सोलून काढतात व ते कुजू नये म्हणून कमावतात. मांस व आतील अवयव टाकून द्यावे लागतात. मग प्राण्याच्या मापाचा साचा करून त्यावर कातडे चढवितात. डोळे काचेचे असतात. म्हणजे मोतीचे उरते ते कातडे. नजर व उभे राहण्याची ढब कारागिराची असते. जपानमधील हाचिको हा कुत्रा १९३५ साली मेला. त्याचे भरलेले कातडे टोकियोच्या संग्रहालयात आहे, पण त्याची रक्षा धन्याच्या थडग्याजवळ पुरली आहे. कातडे राखणाऱ्यांनाही निरोप द्यावाच लागला.

३. स्मारक कशासाठी?

शास्त्रात स्मारके दोन प्रकारची दिसतात. यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा दगड उभे करविले, ते अशासाठी की पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा व वडिलांनी देवाची करणी सांगावी. दुसरा मोशेचा पितळी सर्प. त्याच्यामुळे पूर्वी लोक वाचले होते; परंतु पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. वस्तू तीच राहिली, पण लोकांचे मन तिच्यापाशी अडकले.

तान्ह्या पोळ्याला आपल्याकडची मुले लाकडी बैल मिरवितात. तो बैल खरा नाही हे लहान पोरालाही कळते, म्हणून त्यात फसवणूक नाही. दारात बसविलेला मोती मात्र मुलाला रोज सांगेल की, मी गेलोच नाही. आणि हाक मारली तर शेपूट हलणार नाही.

म्हणून वडिलांना आमचे उत्तर असे : कातडे राखणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मृत्यू झालाच नाही असे दाखविण्यासाठी ते राखू नये. आपली आशा पेंढ्यात नाही. सारी सृष्टी मुक्ततेची वाट पाहत कण्हत आहे, असे पौल लिहितो (रोमकरांस ८:१९-२२). मोतीचे पुढे काय होईल हे शास्त्र उघड सांगत नाही, म्हणून आम्हीही मुलाला खोटे वचन देत नाही. तो ज्याने घडविला त्याच्या हातात आहे, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी जाऊन मुलाची क्षमा मागितली. संध्याकाळी सौंसर रस्त्यावरच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत मोतीला पुरले. मुलाने स्वतः एक दगड आणून ठेवला. धाकट्या बहिणीने विचारले, "हा दगड कशाला?" आणि तो तिला मोतीविषयी सांगू लागला.

शिक्षकांसाठी प्रश्न

१. मुलांच्या दुःखाला आपण "एवढे कशाला" असे कधी म्हटले काय?
२. आपल्या घरातील कोणती आठवणीची वस्तू आपल्याला उपकारस्तुती करावयास लावते, व कोणती आपल्याला अडकवून ठेवते?
३. वर्गातील प्रत्येक मुलाला आपल्या एका प्राण्याबद्दल देवाचे आभार मानावयास सांगा.