सूचीवेधातील मृदू व तीक्ष्ण उपक्रम : चिनी आणि जपानी ॲक्युपंक्चरचा तौलनिक विचार

उपक्रमाची तीव्रता व्याधीच्या बलावरून ठरवावी की रोग्याच्या बलावरून, हा प्रश्न आयुर्वेदाच्या अभ्यासकास नवा नाही. शोधन देताना मृदू, मध्य व तीक्ष्ण असा भेद आपण नित्य करतो. बाल, वृद्ध, कृश व भीरू यांच्या बाबतीत सिरावेध टाळावा, ही सुश्रुतांची आज्ञाही आपल्या परिचयाची आहे. पूर्व आशियातील सूचीवेध-चिकित्सेत, म्हणजेच ॲक्युपंक्चरमध्ये, हाच प्रश्न सुमारे दोन सहस्र वर्षे चर्चिला जात आहे. चीनमध्ये तीक्ष्ण व जपानमध्ये मृदू सूचीकर्माकडे कल का झुकला आणि त्यातून वैद्याने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

मूळ ग्रंथातील भूमिका

दोन्ही देशांचा आधारग्रंथ एकच आहे : ‘हुआंगदी नेइजिंग’. त्याच्या ‘लिंगशू’ या भागात नऊ प्रकारच्या सुयांचे वर्णन आहे. त्यांपैकी काही रक्तमोक्षणासाठी वा पूयनिर्हरणासाठी आहेत, काही खोल वेधासाठी आहेत, तर काही केवळ त्वचेवर दाबण्यासाठी वा चोळण्यासाठी असून त्यांनी वेध करावयाचाच नसतो. म्हणजे न टोचणारी सुई ही जपान्यांची नवी कल्पना नव्हे. तिचे बीज मूळ ग्रंथातच आहे.

याच ग्रंथात सुईची खोली व काळ रोग्याच्या प्रकृतीवरून ठरवावा असे सांगितले आहे. जाडेभरडे अन्न खाणाऱ्या कष्टकऱ्यास खोल वेध करून सुई काही काळ ठेवावी. सुखासीन, मृदू शरीराच्या धनिकास बारीक सुईने हळुवार वेध करावा. बालकास तर अत्यंत उथळ वेध करून सुई तत्काळ काढावी. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हा रोगीबलाचाच विचार होय.

‘बू’ म्हणजे भर घालणे व ‘शिए’ म्हणजे काढून टाकणे, हे तेथील दोन मूलभूत उपक्रम. संतर्पण-अपतर्पण या द्विविध उपक्रमाशी त्यांचे साम्य चटकन डोळ्यांत भरते. मात्र ‘बू’ म्हणजे मृदू आणि ‘शिए’ म्हणजे तीक्ष्ण असे सरळ समीकरण मांडणे योग्य नाही. सुईची दिशा, रोग्याचा श्वास, सुई काढल्यावर छिद्र बोटाने मिटणे वा उघडे ठेवणे, अशा अनेक क्रियांनी हा भेद साधला जातो.

चीन : तीक्ष्णतेकडे कल

चिनी पद्धतीचे मर्म ‘दे छी’ या संज्ञेत आहे. सुई योग्य स्थानी पोहोचली की रोग्यास ठणका, बधिरता, ताण वा जडपणा जाणवतो आणि वैद्याच्या बोटांना सुई धरून ठेवल्यासारखी लागते. ही संवेदना येईपर्यंत सुई वर-खाली करणे व फिरवणे, असा तेथील सामान्य क्रम आहे. सुईचा व्यास बहुधा ०.२५ ते ०.३० मि.मी. असतो.

विसाव्या शतकात या कलास आणखी बळ मिळाले. झू लिएन या विदुषीने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सूचीकर्माची मांडणी मज्जासंस्थेच्या भाषेत केली : तीव्र व दीर्घ उत्तेजनाने अवसादन होते, सौम्य व अल्पकाळ उत्तेजनाने चेतना वाढते. १९५८ पासून शस्त्रकर्मात सूचीद्वारा वेदनाशमनाचे प्रयोग झाले. त्यांत सतत व जोरकस उत्तेजन आवश्यक असल्याने विद्युत्-सूचीचा वापर वाढला.

तीक्ष्ण उपक्रमाचे ठळक उदाहरण म्हणजे त्यान्जिन येथील शी शुएमिन यांनी १९७२ साली पक्षाघातासाठी मांडलेली पद्धत. नाकाखालील बिंदूवर पक्ष्याने चोच मारावी तशी सुई वारंवार हलवितात आणि रोग्याचे डोळे पाणावेपर्यंत थांबत नाहीत. पायावरील बिंदूवर पाय तीन वेळा झटका देईपर्यंत क्रिया करतात. येथे सुईची मात्रा मोजण्याचे साधन म्हणजे रोग्याच्या शरीराने दिलेले उघड उत्तर.

जपान : मृदुतेकडे कल

जपानमधील मृदुतेस एक सामाजिक कारण आहे. सुगियामा वाइची (१६१०–१६९४) हे अंध वैद्य. सुई बारीक नळीतून घालण्याची पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते. नळी सुईपेक्षा किंचित आखूड असते. ती त्वचेवर टेकवून सुईच्या वर आलेल्या टोकावर बोटाने हलकेच टिचकी मारली की अग्र क्षणात त्वचेत शिरते आणि वेदना नाममात्र होते. शोगुन तोकुगावा त्सुनायोशी यांच्या आश्रयाने सुगियामांनी अंधांसाठी सूचीविद्येचे शिक्षण सुरू केले. तेव्हापासून हा व्यवसाय जपानमधील अंधांच्या उपजीविकेचे एक प्रमुख साधन झाला.

डोळ्यांचे काम बोटांनी करावे लागल्याने उदर, त्वचा व नाडी यांच्या स्पर्शपरीक्षेस तेथे असामान्य महत्त्व आले. नळीमुळे अतिशय बारीक व लवचीक सुईही वापरता येऊ लागली. जपानी मापातील पहिल्या क्रमांकाच्या सुईचा व्यास ०.१६ मि.मी. आहे. ०.३० मि.मी. व्यासाच्या सुईचे छेदक्षेत्र हिच्या सुमारे साडेतीन पट भरते, यावरून दोहोंमधील अंतर ध्यानी यावे.

पुढे १९३०च्या दशकात यानागिया सोरेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन ग्रंथांकडे परतण्याची हाक दिली आणि ‘केइराकू चिर्‍यो’ म्हणजे वाहिनी-चिकित्सा उभी राहिली. तीत नाडीवरून यकृत, प्लीहा, फुप्फुस वा वृक्क यांपैकी कोणाची वाहिनी दुर्बल आहे हे ठरवून प्रथम तिला ‘बू’ करतात. १९५९ साली अंध वैद्य फुकुशिमा कोदो यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘तोयोहारी’ परंपरेत तर सुईचे अग्र त्वचेस केवळ टेकवून ठेवतात. बालकांसाठीच्या ‘शोनिशिन’ प्रकारात बोथट साधनाने त्वचा हलकेच घासतात वा थोपटतात.

अर्थात हे चित्र सर्वसाधारण कलाचे आहे. जपानमध्येही विद्युत्-सूची वापरली जाते आणि चीनमध्येही त्वचेवर हलके ठोके देणारी अनेक अग्रांची सुई प्रचारात आहे.

खरा भेद कोठे?

आमच्या मते मुख्य भेद सुईच्या जाडीचा नसून साक्षीचा आहे. ‘क्रिया पुरेशी झाली’ हे कोणी सांगावयाचे? चिनी पद्धतीत ते रोगी सांगतो : ‘जड झाले, ठणकले.’ जपानी वाहिनी-चिकित्सेत ते वैद्याच्या हातांना कळते : नाडी बदलली, त्वचा मऊ झाली, उदराचा ताण उतरला. पहिल्या ठिकाणी प्रश्नपरीक्षा प्रधान, दुसऱ्या ठिकाणी स्पर्शनपरीक्षा. दोहोंत दोष संभवतो. रोगी भिडेपोटी वा भयाने चुकीचे सांगू शकतो. वैद्यास आपल्या अपेक्षेप्रमाणे नाडी बदललेली भासू शकते. हा दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे, कारण तो पडताळण्यास तेथे दुसरा कोणी नसतो.

आधुनिक चाचण्यांचा कौल

जर्मनीत कटिशूलाच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. चिनी पद्धतीने सूचीकर्म केलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांस उपशय मिळाला. बिंदू सोडून उथळ व उत्तेजनाविना सुई टोचलेल्यांत हे प्रमाण ४४.२ टक्के, तर प्रचलित उपचार घेणाऱ्यांत २७.४ टक्के होते. यातून दोन अर्थ निघतात. उथळ सुईही निष्क्रिय नसावी, हा एक. सुईपेक्षा अपेक्षा, विश्वास व वैद्याची शुश्रूषा यांचाच वाटा मोठा असावा, हा दुसरा. मृदू पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी केवळ पहिला अर्थ उचलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण ज्या उथळ वेधाने लाभ झाला तो बिंदूवर नव्हता आणि नाडी पाहूनही केलेला नव्हता.

उलट, चीनमध्ये अर्दिताच्या (बेल्स पाल्सी) ३३८ रुग्णांवर झालेली व २०१३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी तीक्ष्ण पक्षास अनुकूल आहे. दोन्ही गटांस प्रेडनिसोन दिले होते व बिंदूही तेच होते. भेद केवळ सुई हलवून ‘दे छी’ आणण्याचा होता. सहा महिन्यांनंतर ‘दे छी’ गटात चेहऱ्याची हालचाल अधिक सुधारली. मात्र सूचीकर्म करणारा वैद्य आपण काय करीत आहोत हे जाणतच असतो, ही मर्यादा अशा प्रत्येक चाचणीस लागू आहे.

चिकित्सकांसाठी विचारणीय मुद्दे

१. तीव्रता ठरविताना व्याधीचे नाव पुरेसे नाही. बलवान व्याधी व बलवान रोगी असता तीक्ष्ण उपक्रमास वाव असतो. रोगी क्षीण असता तीच क्रिया अपाय करते.

२. उपाशी, थकलेल्या, भयभीत वा प्रथमच सुई घेणाऱ्या रोग्यास मूर्च्छा येऊ शकते. अशास निजवूनच, थोड्या सुयांनी व मृदू उपक्रमाने आरंभ करावा. घाम, पांढुरकेपणा वा मळमळ दिसताच सर्व सुया काढाव्यात.

३. वक्ष, पृष्ठ व स्कंधप्रदेशी खोल वेधाने फुप्फुसावरणास इजा होऊन हवा भरण्याचा धोका असतो. तेथे उथळ व तिरका वेधच श्रेयस्कर.

४. मृदू म्हणजे निर्धोक असे मानून निदानात वा निर्जंतुकतेत शैथिल्य येऊ देऊ नये. तातडीच्या उपचारांची गरज असलेला पक्षाघात वा तीव्र शूल मृदू सुईवर वा तीक्ष्ण सुईवर विसंबून ठेवणे, दोन्ही सारखेच घातक.

५. आपला विद्धकर्म व ॲक्युपंक्चर यांत साम्य दिसले तरी एकाच्या बिंदूंवर दुसऱ्याचे मर्मविज्ञान लादू नये. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा झालेला आहे, हेही ध्यानात ठेवावे.

सारांश

तीक्ष्ण व मृदू हे दोन परस्परविरोधी पंथ नसून एकाच मूळ ग्रंथाने वैद्याच्या हाती दिलेले पर्याय आहेत. परिस्थितीने एका देशात एक वाढला, दुसऱ्या देशात दुसरा. कोणता श्रेष्ठ, हा वाद मात्रेचा विचार न करता तीक्ष्ण विरेचन श्रेष्ठ की मृदू, असे विचारण्यासारखा आहे. सुई किती खोल गेली यापेक्षा ती कोणाच्या शरीरात गेली, याकडे वैद्याचे लक्ष प्रथम असावे. आणि क्रिया पुरेशी झाल्याची साक्ष घेताना रोग्याचे शब्द व आपली बोटे, दोघांनाही विचारावे.