कोंबड्या अचानक का मरतात?

मृगाचा पाऊस पडून गेला होता आणि पेरणीची लगबग चालू होती. सेनगाव तालुक्यातील एका वाडीवरून सकाळीच बोलावणे आले. घरच्या मावशी दारातच उभ्या होत्या. "डॉक्टरसाहेब, राती खुराड्यात धडधाकट कोंडल्या होत्या. सकाळी बघते तर नऊ आडव्या," त्या म्हणाल्या. चौदांपैकी नऊ गेल्या होत्या. अंड्यांवर मिठा-मिरचीचा खर्च भागवणाऱ्या घराला हा घाव लहान नसतो. शेजारणीने निदान आधीच करून टाकले होते, "मानमोडी आली." आणि चुलीवर पातेले चढले होते. दोन कोंबड्या मरायला टेकल्या होत्या, त्या 'वाया जाऊ नयेत' म्हणून कापल्या होत्या.

पातेले आधी खाली उतरवायला लावले. घरातील म्हातारबुवांना ते मुळीच आवडले नाही. "आम्ही जन्मभर असंच खाल्लं," असे ते म्हणाले. मग मी मावशींना विचारायला बसलो.

वाचकहो, कोंबडी बोलत नाही, पण तिचे मरण बरेच सांगते. मेलेल्या कोणत्या? मोठ्या, मोकळ्या फिरणाऱ्या. वाचलेल्या कोणत्या? डालग्याखाली पिलांसह झाकलेली एक खुडूक कोंबडी आणि दोन तलंगा. आजूबाजूच्या घरी काही मर? नाही. आदल्या दिवशी दाणे खात होत्या का? पोटभर. मी हातमोजे चढवून एका मेलेल्या कोंबडीच्या गळ्याच्या मुळाशी असलेली दाण्याची पिशवी चाचपली, ती टच्च भरलेली होती. येथेच माझा मानमोडीवरचा संशय कमी झाला. रोगाने मरणारी कोंबडी बहुधा आधी खाणे सोडते. तिची पिशवी रिकामी किंवा नुसत्या पाण्याची लागते. भरल्या पोटी, एका रात्रीत, एकाच घरच्या कोंबड्या मेल्या, तर विषाचा विचार आधी करावा.

पिशवी उघडली तेव्हा आत गुलाबी रंगाचे सोयाबीन निघाले. आदल्या दिवशी अंगणात ताडपत्री पसरून बियाण्याला औषध चोळले होते. सांडलेले दाणे झाडून उकिरड्यावर टाकले होते आणि कोंबड्यांनी ते वेचले होते. कापलेल्या दोन कोंबड्यांच्या पोटातही तेच दाणे होते. शिजवल्याने जंतू मरतात, कीटकनाशक मात्र शिजवल्याने जाईलच याची खात्री नाही. म्हातारबुवा मग काही बोलले नाहीत.

पण प्रत्येक वेळी विषच असते असे नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा परसातल्या कोंबड्यांचा जुना वैरी आहे. भारतात तो १९२७ साली कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला आणि तेच नाव त्याला चिकटले. तो एका घरी थांबत नाही, आळीभर फिरतो. हिरवट पातळ हगवण होते, कोंबडी चोच उघडून धापा टाकते, पंख व पाय लुळे पडतात, मान पिळल्यासारखी वळते. अशा कोंबड्या हाताळणाऱ्याचे डोळे काही दिवस लाल होऊन चुरचुरू शकतात. मान पिळवटलेली नसून नुसती लोंबत असेल, आणि जवळपास कुजलेले जनावर व त्यावर अळ्या असतील, तर त्या अळ्या खाऊन झालेली विषबाधा संभवते. मे महिन्यात पत्र्याच्या बंद खुराड्यात भर दुपारी मेलेल्या कोंबड्या बहुतेक उन्हाच्या बळी असतात. मुंगसाने मारल्या असतील तर दाताच्या खुणा सापडतात.

बर्ड फ्लूची बाब वेगळी आहे. आपल्या शेजारच्या परभणी तालुक्यात मुरुंबा येथे जानेवारी २०२१ मध्ये सुमारे ८०० कोंबड्या अल्पावधीत मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. देशातला पहिला उद्रेक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी तो जाहीर झाला. तेथेही सुरुवातीला ही मर राणीखेतचीच समजली गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, तेही याच रोगाने. तुरा व गलोल निळेजांभळे पडणे, तोंड सुजणे आणि फारशी लक्षणे न दाखवता पटापट मरणे, ही याची चिन्हे आहेत. तरी नुसत्या डोळ्यांनी मानमोडी आणि बर्ड फ्लू वेगळे ओळखता येत नाहीत, आम्हालाही नाही. त्याचे उत्तर प्रयोगशाळाच देते. बर्ड फ्लूची अंतिम खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.

माणसाला धोका ताटातल्यापेक्षा पाटावरचा अधिक आहे. नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. पण आजारी कोंबडी कापताना आणि पिसे काढताना तो नाका-डोळ्यांत जातो. माणसाला ही लागण क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतते. जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एक मुलगा या रोगाने दिल्लीत दगावला, तो भारतातील माणसाचा पहिला नोंदलेला बळी. मेलेल्या कोंबड्या हाताळल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला किंवा दम लागला, तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आधी सांगावी.

म्हणून एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, की त्या कापू नयेत, विकू नयेत, नाल्यात फेकू नयेत. मुलांना व कुत्र्यांना दूर ठेवावे. त्याच सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. आपल्याकडच्या उन्हात चार-सहा तासांत मृत पक्षी कुजतो आणि मग तपासणीला काही उरत नाही. डॉक्टर येईपर्यंत ताजी मेलेली कोंबडी दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवावी. बर्फात गोठवू मात्र नये. बाकीच्या विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. रोग लपवण्यात पैशाचाही तोटा आहे. बर्ड फ्लूमध्ये सरकार भरपाई देते ती मारलेल्या जिवंत कोंबड्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे.

मानमोडीची लस स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्यात आर-टू-बीचे इंजेक्शन. अडचण एवढीच की एक बाटली बहुधा शंभर पक्ष्यांची येते आणि कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? त्या वाडीवर पुढच्या दिवाळीनंतर सात घरांनी मिळून एक बाटली आणली. मावशींनी ती बर्फाच्या थर्मासमध्ये घालून दवाखान्यातून स्वतः आणली होती. दिवस उगवायच्या आत, कोंबड्या सोडण्यापूर्वी, आम्ही घरोघर फिरून लस टोचली. शेवटच्या घरी पोहोचलो तेव्हा बाटलीत आठ-दहा मात्रा उरल्या होत्या, त्या म्हातारबुवांनी वाडीबाहेरच्या वस्तीवरच्या कोंबड्या आणून संपवल्या.