टोचनवाल्याचं चहापाणी

चि. ऋचास,


रस्त्यात गाडी बंद पडली आणि क्रेनवाला आला, तर त्याला वर काही द्यायचं का, हा तुझा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. आपल्या भाषेतच त्याचा घोळ आहे. बक्षिसी, खुशी, चिरीमिरी, चहापाणी हे सगळे शब्द शंभर-दोनशेच्या देवघेवीचे. पण खुशी देणाऱ्याची असते आणि चिरीमिरी घेणाऱ्याच्या अधिकाराला घाबरून सरकवलेली असते. चहापाणी मात्र दोन्हीकडे चालतं, म्हणून त्या शब्दापासून जरा जपून राहा. समोरचा किती अजिजीनं मागतोय याला महत्त्व नाही. नाही दिलं तर तो तुझं काय अडवू शकतो, ते आधी बघ. काहीच अडवता येत नसेल, तर माझ्या मते द्यावं.

'कशाला? विम्याच्या हप्त्यात भरलेत ना पैसे!' असं तू म्हणशील. भरलेस, खरंच. रोडसाइड असिस्टन्सची जोड घेतली की बॅटरीला जम्पस्टार्ट, पंक्चर, ठरावीक किलोमीटरपर्यंत टोचन हे सगळं त्यात येतं. पण तो पैसा खाली कसा उतरतो ते पाहा. तुझा फोन जातो विमा कंपनीला, ती काम बहुधा दुसऱ्या मदत-कंपनीवर सोपवते, ती जवळच्या क्रेनमालकाला कळवते आणि मालक ड्रायव्हर-क्लीनरला धाडतो. वर हिशेब होतो तो फेरीचा आणि किलोमीटरचा. बोरघाटाच्या चढावर, धो धो पावसात, मागून कंटेनर येत असताना गाडीखाली आडवं पडून हूक अडकवण्याला त्यात वेगळा रकाना नसतो. काळजीलाही नसतो. ऑटोमॅटिक गाडीची इंजिनानं फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून तिला लांबवर ओढली तर गिअरबॉक्सचं वाटोळं होऊ शकतं; इलेक्ट्रिक गाडीत मोटरवर तीच पाळी येते. जाणता माणूस आधी 'ऑटोमॅटिक आहे का?' विचारतो आणि गाडी फ्लॅटबेडवर चढवतो. घाईतला माणूस ओढून नेतो, आणि झालेलं नुकसान तुला कळतं चार दिवसांनी, गॅरेजच्या बिलात. करारात टोचन लिहिता येतं, हे विचारणं नाही लिहिता येत. द्यायचं ते त्यासाठी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशानं सवय लागते आणि उद्या टिप हाच पगार होऊन बसतो. ही भीती खोटी नाही. अमेरिकेत टिपवर काम करणाऱ्या वेटरचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर थांबलेलं आहे; बाकीचं गिऱ्हाइकाच्या टिपमधून भरून निघेल असं कायद्यानंच धरलेलं. आपल्या क्रेनमालकांना ही वाट सापडू नये असं मलाही वाटतं. म्हणून आगाऊ द्यायचं नाही, मागितलं म्हणून द्यायचं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरतो. अपरात्री हायवेच्या कडेला उभी असलेली तू मोकळ्या मनानं 'नाही' म्हणू शकत नाहीस, तेव्हा त्या वेळचं 'हो'ही खरं नसतं. गाडी उचलण्याआधीच कुणी हात पसरला, तर 'आधी गॅरेजला पोचू' एवढंच म्हण आणि मदत-कंपनीला फोन लाव. ठरल्यापेक्षा जास्त किलोमीटरचे पैसे मात्र टिप नव्हेत, ते भाडं. दर निघण्याआधी विचार, पावती घे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करून क्रेन आली, तरी माझं म्हणणं हेच.

वाहतूक पोलिसांच्या टोइंग व्हॅननं नो-पार्किंगमधून गाडी उचलली, तर गोष्ट पार वेगळी. तिथे गाडी त्यांच्या ताब्यात असते. दंड भर, पावती घे, वर एक रुपया नको. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून देणाराही थेट गुन्हेगार ठरतो; जबरदस्तीनं द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. 'सगळेच देतात' हे तिथे कामाला येणार नाही.

किती द्यायचे, हेही सांगून टाकतो. साध्या जम्पस्टार्टला शंभर पुरेत; रात्र, पाऊस किंवा घाट असेल तर दोनशे ते पाचशे. क्लीनरच्या हातात वेगळे दे, कारण गाडीखाली शिरतो तो बहुधा तोच आणि ड्रायव्हरकडे दिलेलं त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. पैसे नसतील तर ओशाळू नकोस. कंपनीचा अभिप्रायाचा मेसेज येतो, त्यात दोघांची नावं घालून चांगलं लिही. त्यासाठी नावं आधी विचारावी लागतील. आणि यूपीआयवर विसंबू नकोस. घाटात रेंज जाते, तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभराच्या पाच नोटा आजच ठेवून दे.

तुझा,
मामा