खेड्यातील दवाखाना, इंटरनेटची तार आणि सरकारी अनुदान

मालाचे भाडे म्हणजे काय, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. सुरतेचा तोच तागा जिल्ह्याच्या गावी एका दराने पडतो, डोंगरापलीकडच्या बाजारात दुसऱ्या दराने. माल तोच, फरक रस्त्याचा. इंटरनेटचेही तसेच आहे. शहरात एका केबलवर शेकडो गिऱ्हाइके असतात. खेड्यात केबल लांब ओढावी लागते आणि गिऱ्हाइके मोजकी. म्हणून कंपनी एक तर जोडणी देत नाही, नाही तर दर जास्त मागते.

हा विषय आम्ही धंद्याच्या पानावर घेतला, कारण त्यात कारागिराची रोजी अडकली आहे. खेड्यातील विणकराला आपला एक्स-रे तज्ज्ञाला दाखवायचा तर शहर गाठावे लागते. गाडीभाडे गेले, त्याची मजुरी बुडाली, सोबत्याचीही बुडाली. चित्र तारेवरून गेले तर माणसाची फेरी वाचते.

कोणी म्हणेल, मोबाइल आहेच की! हिशोब करून पाहू. सी.टी. स्कॅनच्या चित्रांचा संच ५०० मेगाबाइटचा धरला आणि जोडणी सेकंदाला १ मेगाबिट पाठवणारी असली, तर तासाहून अधिक वेळ लागतो. १० मेगाबिटची असली तर सुमारे ७ मिनिटे. (१ बाइट म्हणजे ८ बिट.) दवाखान्याने जोडणी घेताना पाठवण्याचा वेग आधी विचारावा.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकेने १९९६ च्या दूरसंचार कायद्यात ग्रामीण आरोग्यसेवेला सवलतीची तरतूद केली. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. तो अखेर ग्राहकाच्या बिलातूनच वसूल होतो. सवलतीच्या रीती दोन. पहिलीत शहरी आणि ग्रामीण दरांतील फरक निधी भरतो. २०१२ मध्ये ठरलेल्या दुसरीत पात्र खर्चाचे ६५ टक्के निधी देतो आणि ३५ टक्के दवाखाना. सवलत सरकारी आणि ना-नफा संस्थांना मिळते. दवाखान्याने आपली गरज जाहीर करून साधारणपणे २८ दिवस कंपन्यांच्या दरपत्रकांची वाट पाहायची असते. पदरचे ३५ टक्के जाणार असल्याने तोही भाव पारखून घेतो.

त्यात चूकही झाली. १९९७ मध्ये वर्षाला ४० कोटी डॉलरची मर्यादा ठरली आणि सुमारे २० वर्षे तीच राहिली. मागणी तिच्यापुढे गेली तेव्हा दवाखान्यांच्या रकमेत कपात झाली. २०१८ मध्ये मर्यादा ५७.१ कोटी करून महागाईशी जोडावी लागली.

आपल्याकडे काय?

आपल्याकडेही असा निधी आहे. २००३ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. तोही दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातील हिश्शावर उभा आहे. म्हणजे फोनचे बिल भरणारा आपल्यातील प्रत्येक जण त्याचा वाटेकरी आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच आजची भारतनेट. २०१९ मध्ये ई-संजीवनी सुरू झाली आणि उपकेंद्रात बसून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेण्याची सोय झाली. पण तार पंचायतीत पोहोचली म्हणजे दवाखान्यात पोहोचली असे नाही. पोहोचली तरी दरमहाचे बिल आणि दुरुस्ती उरतेच.

म्हणून आमची मागणी अशी :

१. या निधीतील ठरावीक हिस्सा ग्रामीण आरोग्यसेवेसाठी राखावा.

२. सवलत केवळ केबल टाकण्यावर नको, दरमहाच्या बिलावरही हवी. ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्यांनाही ती मिळावी.

३. तार तुटल्यास दुरुस्तीची मुदत असावी. ती चुकल्यास कंपनीचे पैसे कापावेत.

४. रकमेची मर्यादा महागाईप्रमाणे वाढावी.

मागणी करताना नुसती तक्रार चालत नाही, वही लागते. आपल्या गावच्या दवाखान्याकडून तीन आकडे लिहून घ्या : महिन्याचे बिल किती, तार किती दिवस बंद होती आणि केवळ चित्र दाखवण्यासाठी किती रुग्ण शहरात गेले. हा कागद ग्रामसभेत ठेवा, आमदार-खासदारांना द्या. आपण उधारीसुद्धा वहीशिवाय मागत नाही, मग हक्क तरी वहीशिवाय का मागावा?