कळमन्यातील सामूहिक मांडणशिल्प

प्रश्न : नागपूरच्या कळमना बाजार परिसरात रहिवाशांच्या सहभागातून खुले कलाप्रदर्शन कसे उभारता येईल?

उत्तर : मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवाचे अनुकरण करण्यापेक्षा नागपूरच्याच मारबत या पुतळ्यांच्या मिरवणुकीकडे पाहणे अधिक उचित ठरते, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १८८५ पासून निघणारी पिवळी मारबत आणि सोबतचे बडगे, म्हणजे सामाजिक व्यंग मांडणारे कागद-चिंध्यांचे पुतळे, वस्तीतच घडतात व त्यांचे विषयही (बहुधा बोचरे) तेथेच ठरतात. त्याच धर्तीवर कळमन्यात बारदाना, सुतळी व संत्र्यांच्या पेट्या यांतून मांडणशिल्प, म्हणजे प्रेक्षकाला जिच्याभोवती वा आत फिरता येते अशी रचना, साकारता येईल. मात्र हमाल व अडते विषयनिवडीपासूनच सहभागी नसतील, तर ती रचना निव्वळ सजावट ठरेल. बाजार समिती व महानगरपालिकेची परवानगी आधीच घ्यावी आणि मालमोटारींचा मार्ग मोकळा ठेवावा.