स्नेहसंमेलनाचे फोटो : मिररलेस कॅमेऱ्याची सेटिंग

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, स्नेहसंमेलनाचा फोटो वर्षातून एकदाच मिळतो. मागच्या रांगेतल्या मुलाचा चेहरा पुसट आला, तर त्याच्या आईबाबांसाठी तो फोटो असून नसल्यासारखा. म्हणून सेटिंग आधीच समजून घेऊया.

फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ३६ × २४ मिमी, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो. मिररलेसमध्ये आरसा नसतो. सेन्सरवरचं चित्रच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. फोटो काळा पडणार असेल, तर बहुतेक वेळा तो काढण्याआधीच कळतं.

आता क्रमाने करा :

१. मोड मॅन्युअल, आयएसओ ऑटो, कमाल ६४००.
२. शटर : भाषणाला १/१२५, नाचाला १/५०० सेकंद.
३. अ‍ॅपर्चर : एकट्या मुलाला एफ/२.८, दोन-तीन रांगांना एफ/५.६. पण एफ/५.६ वर प्रकाश पाव होतो. म्हणून गटाचा फोटो नाच संपून मुलं स्थिर उभी राहतात तेव्हा, १/१२५ वर घ्या.
४. फोकस कंटिन्युअस, डोळे ओळखण्याची सोय चालू.
५. मागचा पडदा काळा असेल तर चेहरे पांढरेफटक येतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −१ करा.
६. फोटोत पट्टे दिसले तर ती दिव्यांची लुकलुक. मेकॅनिकल शटर आणि १/१०० वापरून बघा.

आयएसओ वाढून थोडे दाणे आले तरी चालतील. हललेला चेहरा मात्र नंतर नीट होत नाही.

सराव : आज रात्री घरातल्या दिव्याखाली मुलांना उड्या मारायला सांगा. १/६० आणि १/५०० वर एकेक फोटो काढा. फरक मुलंच सांगतील!